चोरीला गेलेला देव म्युझियममधून गावात परत कसा येतो? कागद, कायदा आणि अडचणी

चंद्रमौळी

परदेशी म्युझियमने मूर्ती परत केली की बातमीत दोन देशांचे नेते आणि मधोमध देव दिसतो. त्याआधी काय काय सिद्ध करावं लागतं आणि त्यानंतर ती मूर्ती नेमकी कुठे जाते, हे बातमीत येत नाही. धागा त्यासाठी काढला आहे. उदाहरण तमिळनाडूचं घेतो, कारण तिथल्या प्रकरणांचे कागद सर्वात जास्त उजेडात आले आहेत.

अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंतन नावाचं गाव आहे. तिथल्या चोळकालीन बृहदीश्वर मंदिरातली नित्यपूजा थांबली होती आणि कांस्यमूर्ती कुलूपबंद होत्या. सरकारी लोक त्या सुरक्षित केंद्रात हलवायला २००८ मध्ये पोचले, तेव्हा आत काही उरलेलं नव्हतं. चोरी त्याच्या दोनेक वर्षं आधीच झाली होती. तोवर तिथला गणपती अमेरिकेत ओहायोच्या टोलेडो म्युझियममध्ये पोचला होता (खरेदी २००६), उमा सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये (२००७, साडेसहा लाख डॉलर) आणि नटराज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात (२००८, ५० लाख अमेरिकन डॉलर). तिन्ही मूर्ती विकणारा एकच, न्यूयॉर्कच्या ‘आर्ट ऑफ द पास्ट’ गॅलरीचा सुभाष कपूर.

नटराजासोबत गॅलरीने कागदही दिले होते. दिल्लीत नेमणुकीवर असलेल्या एका सुदानी मुत्सद्द्याने १९७० च्या आसपास तो विकत घेतला आणि १९७१ मध्ये भारताबाहेर नेला, असं त्यात म्हटलं होतं. साल मुद्दाम निवडलेलं आहे. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा आणि युनेस्कोचा करार १९७० चा. वस्तू त्याआधी किंवा त्याच सुमारास बाहेर गेल्याचं दाखवलं की खरेदीदार पुढचे प्रश्न विचारत नाही.

हे कागद खोटे ठरले ते एका छायाचित्रामुळे. पुदुच्चेरीची फ्रेंच संशोधन संस्था १९५० च्या दशकापासून दक्षिणेतल्या मंदिरांची आणि मूर्तींची छायाचित्रं घेत आली आहे. तिच्या संग्रहातल्या छायाचित्रात श्रीपुरंतनचा हाच नटराज १९९४ मध्ये देवळातच होता. १९७१ मध्ये परदेशी गेलेली मूर्ती १९९४ मध्ये गाभाऱ्यात असू शकत नाही. भारताने मार्च २०१४ मध्ये औपचारिक मागणी केली आणि सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत मूर्ती सोपवली. कपूरला २०११ मध्ये फ्रँकफर्टला अटक झाली, २०१२ मध्ये भारतात आणलं गेलं आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा सुनावली.

माझं म्हणणं असं की चोरीच्या आधी काढलेला एक चांगला फोटो हा चोरीनंतरच्या दहा वर्षांच्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त काम करतो. ज्यांना यातल्या वेगवेगळ्या टप्प्यांची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

---

ताम्रपट

फोटोचं महत्त्व कांस्यमूर्तींच्या बाबतीत इतकं का, ते आधी सांगतो. चोळ मूर्ती मेण वितळवून ओतण्याच्या पद्धतीच्या. मेणाचा नमुना, त्यावर मातीचे थर, भट्टीत मेण वाहून जातं, मग धातू ओततात आणि शेवटी साचा फोडतात. साचा फुटल्यामुळे दुसरी तंतोतंत तशी मूर्ती होत नाही. प्रत्येक मूर्तीचे दोष तिचे स्वतःचे असतात. प्रभावळीवरच्या ज्वाळांची संख्या, त्यातली एखादी वाकडी किंवा मोडकी ज्वाळा, ओतताना हवा अडकून पडलेलं भोक आणि त्यावर बसवलेली चकती, पीठाच्या कमळाच्या असमान पाकळ्या, मिरवणुकीचे दांडे घालायच्या कड्या. शतकानुशतकांच्या अभिषेकाने चेहरा आणि खांदे कुठे गुळगुळीत झाले, तेही.

म्युझियमच्या फोटोवर आणि जुन्या फोटोवर असे आठ-दहा बिंदू जुळले की वाद संपतो. दोनतीन जुळून चालत नाही, कारण शैली सारखी असते आणि ‘त्याच कारखान्यातली दुसरी मूर्ती असेल’ असं उत्तर येतं.

प्रयोगशाळेवर फार भिस्त ठेवू नये. या मूर्ती भरीव ओतलेल्या असतात, आत मातीचा गाभा राहत नाही. त्यामुळे भाजलेल्या मातीवरून वय काढण्याची चाचणी बहुतेक वेळा लागूच होत नाही. धातूच्या मिश्रणावरून प्रदेशाचा अंदाज येतो, पण ‘याच देवळातली’ हे त्यावरून ठरत नाही. अपवाद पुरून ठेवलेल्या मूर्तींचा. त्यांच्या अंगावरची माती आणि गंज शेजारी सापडलेल्या मूर्तींशी ताडून पाहता येतो. पत्तूर खटल्यात हेच झालं.

---

न्यायदीप

पत्तूरचा उल्लेख आला म्हणून. हा खटला प्रत्येक विश्वस्ताला माहीत असायला हवा.

तंजावरकडच्या पत्तूर गावात १९७६ मध्ये पडक्या शिवमंदिराच्या आवारात खणताना मूर्तींचा साठा सापडला. नटराज गुपचूप विकला गेला आणि हातोहात लंडनला पोचला. १९८२ मध्ये बंपर डेव्हलपमेंट या कॅनडाच्या कंपनीने तो अडीच लाख पौंडांना घेतला आणि दुरुस्तीसाठी ब्रिटिश म्युझियमकडे दिला. तिथून लंडन पोलिसांनी तो जप्त केला. कंपनीने पोलिसांवरच दावा लावला.

समोरच्या बाजूला भारत सरकार, तमिळनाडू सरकार आणि खुद्द ते पडकं मंदिर. इंग्लंडच्या कायद्यात देऊळ दावा करू शकत नाही. पण भारतात मूर्तीला आणि देवस्थानाला कायदेशीर व्यक्ती मानतात, १९२५ च्या मल्लिक प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही (तेव्हाचं आपलं शेवटचं अपील न्यायालय) ते मानलं होतं. ज्या देशात तो पक्षकार व्यक्ती आहे त्या देशाच्या कायद्याचा मान ठेवून लंडनच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मंदिराचा हक्क कायम केला. पूजा बंद होती, छप्पर पडलं होतं, तरी मंदिराची मालकी संपलेली नव्हती. हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. ‘तिथे आता कोणी पूजा करत नाही, मग तुम्हाला कशाला हवी’ या युक्तिवादाला त्याने कायमचं उत्तर दिलं आहे.

आता देशागणिक फरक.

अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्कमध्ये, चोराकडून पुढे कितीही हात बदलले तरी खरेदीदाराला मालकी मिळत नाही. मुदतीचं घड्याळही तुम्ही मागणी करून समोरच्याने नकार दिल्यावर सुरू होतं. मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांचा पुरावस्तू विभाग म्हणूनच इतक्या वस्तू परत करू शकला. पंतप्रधानांच्या २०२१ च्या अमेरिका दौऱ्यात १५७ आणि २०२४ च्या दौऱ्यात २९७ वस्तू भारताला मिळाल्या. जुलै २०२४ मध्ये दोन्ही देशांत सांस्कृतिक वस्तूंबाबत वेगळा करारही झाला.

इंग्लंडमध्ये प्रामाणिकपणे खरेदी झाल्यापासून सहा वर्षं गेली की मूळ मालकाचा हक्क संपू शकतो. तिथे कोर्टापेक्षा म्युझियमच्या विश्वस्तांना पुरावा दाखवून राजी करणं जास्त उपयोगी पडतं. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियमकडची तिरुमंगै आळ्वार या वैष्णव संतांची मूर्ती त्यांनी १९६७ मध्ये लिलावात घेतली होती. कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळकोइल गावातल्या सौंदरराजपेरुमाळ मंदिरात ती १९५७ मध्ये होती, असा त्याच फ्रेंच संस्थेचा फोटो निघाला. देवळात आज उभी आहे ती नक्कल. विद्यापीठाने २०२४ मध्ये परत द्यायला संमती दिली, पण तरीही धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या आयोगाची मान्यता लागते. एवढा वेळ त्यात जातो.

युनेस्कोचा १९७० चा करार मागल्या काळाला लागू होत नाही. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. वसाहतकाळात नेलेल्या वस्तूंसाठी त्यावर विसंबून उपयोग नाही.

---

मुळामुठा

मग आपल्याकडे आलेली वाघनखं कोणत्या मार्गात बसतात? आणि रघुजी भोसल्यांची तलवार?

---

न्यायदीप

दोन्ही मार्ग वेगळे, आणि दोन्ही ‘परत मिळणं’ नाहीत.

वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांच्या उसनवारीवर जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. १९८३ च्या ब्रिटिश कायद्याने त्या म्युझियमच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू काढून देण्याची मोकळीक जवळजवळ ठेवलेलीच नाही. ब्रिटिश म्युझियमचा १९६३ चा कायदाही तसाच. उसनवारीचा करार सही करताना मालकी समोरच्याची असल्याचं आपण मान्य करतो, हे विसरू नये.

पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. लिलावाला थोडेच दिवस उरलेले असताना आणि चोरीचा कोणताही पुरावा नसताना खरेदी हा व्यवहार्य मार्ग आहे. पण जिथे चोरीचा एफआयआर आहे, देवळातला फोटो आहे, तिथे एक रुपयाही देऊ नये. पैसे दिले की विकणाऱ्याची मालकी आपण मान्य केली असा अर्थ निघतो. शिवाय पुढच्या चोराला भाव कळतो.

---

इंद्रायणीकाठ

मराठी वाचकांसाठी आणखी एक दुवा. कपूरच्या मालात तंजावरच्या मराठ्यांचं एक चित्रही होतं. सरफोजीराजे दुसरे आणि त्यांचे पुत्र शिवाजी, दोघांचं एकत्र व्यक्तिचित्र, १८२० च्या दशकातलं. सरस्वती महाल ग्रंथालयातून ते गेलं आणि २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पीबॉडी एसेक्स म्युझियमने ३५ हजार डॉलरना घेतलं. कपूरचं प्रकरण बाहेर आल्यावर म्युझियमने २०१५ मध्ये ते अमेरिकी तपास यंत्रणेकडे दिलं. त्याच ग्रंथालयातून २००५ मध्ये नाहीसं झालेलं तमिळ बायबल, झीगेनबाल्ग या मिशनऱ्याने छापलेलं आणि सरफोजीराजांची सही असलेलं, तमिळनाडूच्या मूर्तिचोरी तपास पथकाला २०२२ मध्ये लंडनच्या एका संग्रहात आढळलं.

सांगायचं कारण असं की चर्चा देवांपुरती राहू नये. चित्रं आणि पोथ्या चोरायला जास्त सोप्या असतात. पोथीचं एक पान फाडून नेलं तर वर्षानुवर्षं कळत नाही. कायद्यात कलावस्तूला १०० वर्षांची आणि हस्तलिखिताला ७५ वर्षांची अट आहे, म्हणजे आजोबांच्या काळातली पोथीसुद्धा पुरावस्तू ठरू शकते.

---

सावंतवाडीकर

आमच्याकडच्या देवस्थानांनी नेमकं काय करून ठेवावं? कोकणात आणि घाटावर गावोगावी पंचधातूच्या उत्सवमूर्ती आणि मुखवटे आहेत, दगडी वीरगळ उघड्यावर आहेत. जांब समर्थच्या राममंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या, पोलिसांनी त्या त्याच वर्षी शोधून काढल्या म्हणून बरं. त्या परदेशी गेल्या असत्या तर काय हातात असतं?

---

ताम्रपट

क्रमाने लिहितो. एका मूर्तीला साधारण दोन तास धरा.

पुजाऱ्यांशी आधी बोला. वस्त्रं, फुलं, दागिने आणि चांदीचं कवच उतरवलेलं असताना फोटो हवेत. अभिषेकानंतर अंग पुसून पूर्ण कोरडं झालं की सर्वात चांगली वेळ. देवळांकडे असलेल्या फोटोंत बहुधा देव साजशृंगारात असतो आणि फक्त चेहरा दिसतो. ओळख पटवायला तो फोटो निरुपयोगी.

कॅमेरा तिवईवर, फ्लॅश बंद. धातूवर फ्लॅशचा पांढरा ठिपका पडतो आणि नेमके तपशील पुसले जातात. खिडकीचा उजेड किंवा पांढऱ्या कापडामागचा दिवा पुरतो. मागे राखाडी कापड. मूर्तीच्या पायाशी दहा सेंटीमीटरची पट्टी, मूर्तीच्याच पातळीत, पुढे ठेवली तर माप चुकतं.

आठ फोटो भोवतीने: समोर, पाठ, दोन्ही बाजू आणि चार कोपरे. पाठ हमखास राहून जाते, आणि केसांच्या बटा, शिरश्चक्र, जानव्याची गाठ, जोडकामाच्या खुणा सगळं पाठीवर असतं. मग जवळून: चेहरा, प्रत्येक हात, आयुधं, पावलं, पीठाच्या चारही कडा, आणि हलवण्यासारखी मूर्ती असेल तर तळ. अक्षरं असतील तर दिवा अगदी बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून वेगळा फोटो. झीज, तडा, डाग, जुनी दुरुस्ती यांचे फोटो सर्वात महत्त्वाचे. देवाचं व्यंग दिसू नये म्हणून लोक ते टाळतात. पण ओळख त्यावरूनच पटते.

मापं मिलिमीटरमध्ये: पीठासह उंची, पीठाशिवाय उंची, जास्तीत जास्त रुंदी, खोली. वजन किलोत, काट्यावर. ‘अंदाजे दीड फूट’ असं लिहिलेलं कुठल्याच कोर्टात टिकत नाही.

लेखी वर्णनासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ हा जगभर चालणारा नमुना वापरा. पोलीस, कस्टम्स, म्युझियम सगळे तो ओळखतात. त्यात वस्तूचा प्रकार, घडणीचं साहित्य आणि पद्धत, मापं, लेख व खुणा, वेगळेपण दाखवणारी वैशिष्ट्यं, नाव, विषय, काळ आणि कर्ता एवढी सदरं आहेत. काळ माहीत नसेल तर रिकामा सोडा. गावात बाराव्या शतकातली म्हणतात म्हणून तसं लिहिलं आणि मूर्ती अठराव्या शतकातली निघाली, तर समोरचा वकील त्याच एका ओळीवर सगळा कागद संशयास्पद ठरवतो.

फोटोच्या मूळ फाइल न कापता, रंग न बदलता जपा. छापील प्रतीवर विश्वस्त, पुजारी, पोलीस पाटील यांच्या सह्या आणि तारीख. एक संच देवस्थानात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक जिल्ह्याच्या ठिकाणी. देवस्थानाच्या कपाटातच तिन्ही ठेवले तर चोर मूर्तीसोबत तेही नेतो.

---

रेवातीर

वरच्यात सरकारी बाजूची भर.

पुरावस्तू कायद्याखाली १०० वर्षांवरच्या दगडी, धातूच्या, लाकडी मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. नमुना सात भरायचा, सोबत फोटो. मिळालेलं प्रमाणपत्र हा पुढे भारत सरकारच्या मागणीचा पाया होतो. अनेक देवस्थानं ‘नोंद केली तर सरकार मूर्ती नेईल’ या भीतीने टाळतात. नोंदणीने मालकी बदलत नाही. देव देवस्थानाचाच राहतो.

महाराष्ट्रात दुसरी नोंद धर्मादाय आयुक्तांकडे. न्यासाच्या नोंदवहीत जंगम मालमत्तेत ‘देवाच्या मूर्ती व भांडी’ अशी एकच ओळ असते. ती मोडून प्रत्येक मूर्ती मापासह वेगळी नोंदवा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो.

आता चोरी झालीच तर. एफआयआर त्याच दिवशी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये पूजास्थानातल्या मूर्तीची चोरी स्वतंत्रपणे घातली आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ते कलम लागलं आहे ना, पाहा. पुरावस्तू कायदाही लावायला सांगा. किमतीच्या रकान्यात धातूच्या भावाने पाच-सात हजार लिहिले जातात. तसं लिहू देऊ नका. ‘पुरावस्तू, किंमत ठरवता येत नाही’ असं लिहून घ्या. फोटोंचा संच आणि ऑब्जेक्ट आयडीचा कागद एफआयआरला जोडून त्यावर पोच घ्या.

इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत नाव देवस्थानाला थेट घालता येत नाही. स्थानिक पोलीस, राज्य, तिथून सीबीआय आणि मग इंटरपोल असा प्रवास आहे. फोटो नसेल तर नोंद होऊनही उपयोग शून्य. आयडी-आर्ट या मोफत ॲपवर ती यादी कोणालाही शोधता येते, लिलाव करणारे आता तपासतातही.

आणि सर्वात मोठी गळती इथे होते: तपास लागत नाही म्हणून काही महिन्यांनी ‘अ’ समरी होते (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही असा अहवाल) आणि फाइल बंद. पंधरा वर्षांनी मूर्ती न्यूयॉर्कमध्ये दिसते तेव्हा पोलीस ठाण्यात कागद सापडत नाहीत. एफआयआर, पंचनामा आणि समरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत देवस्थानाने त्याच वेळी काढून ठेवावी.

---

मुळामुठा

फोटो सगळ्यांना पाहता येतील असे नेटवर टाकावेत का? मला वाटतं टाकावेत. संशोधकांना म्युझियमच्या याद्यांशी ताडता आलं पाहिजे.

---

रेवातीर

मी विरोध करेन. आडबाजूच्या गावातल्या, कुलपाला जोर लावला की उघडणाऱ्या देवळातल्या मूर्तीचा सर्व बाजूंचा फोटो, उंची, वजन, गावाचं नाव, हे सगळं एका जागी मिळणं म्हणजे चोराच्या हातात यादी देणं.

---

चंद्रमौळी

दोघांच्या मधला मार्ग आहे. संच बंद ठेवा, पण तो अस्तित्वात असल्याचं जाहीर करा. ‘या देवस्थानच्या सर्व मूर्तींची सचित्र नोंद झाली असून ती पोलिसांकडे आहे’ असा फलक देवळात लावा. चोरी होताच मात्र त्याच दिवशी सगळं उघडं करा. चोरीनंतर लपवण्यात काही अर्थ नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांत मूर्ती बहुधा देशातच असते. ‘हस्तकला’ म्हणून नव्या पितळी मूर्तींच्या खोक्यात मिसळून ती बंदरावरून जाते. कस्टम्सच्या हातात फोटो असेल तरच तिथे थांबते.

---

धातुवैद्य

म्युझियमने ‘देतो’ म्हटल्यावरच्या टप्प्याबद्दल कोणी लिहिलं नाही. तो फार महत्त्वाचा आहे, कारण मूर्ती परत पूजेत जाणार असेल तर आरोग्याचा प्रश्न येतो.

म्युझियममध्ये कांस्याला हिरवा भुरभुरीत गंज लागू नये म्हणून बेन्झोट्रायाझोल या रसायनाची प्रक्रिया करतात आणि वरून ॲक्रिलिक लाखेचा किंवा मेणाचा पातळ लेप देतात. काचेच्या कपाटात ते योग्यच. पण देवळात त्याच अंगावरून दूध, दही, मध, उसाचा रस वाहणार आणि ते तीर्थ लोक पिणार. तेव्हा मूर्ती ताब्यात घेताना म्युझियमकडून तिच्यावर झालेल्या सगळ्या प्रक्रियांचा अहवाल लेखी मागा: कोणतं रसायन, कोणत्या वर्षी, कोणत्या भागावर. तो मिळाल्यावर संवर्धकाकडून लेप उतरवून घ्यायचा आणि मगच अभिषेक. घरगुती पद्धतीने चिंच-लिंबाने घासू नये. लेप काही ठिकाणी राहतो, काही ठिकाणी धातू उघडा पडतो आणि त्या सीमेवर गंज जोरात धरतो.

पीठाचा तळही बघा. उभं ठेवण्यासाठी म्युझियमवाले किंवा दलाल तळाला भोकं पाडून खिळी बसवतात. ती नोंदवून घ्या, नाहीतर पुढच्या तपासणीत ‘हे फोटोत नव्हतं’ असा घोळ होतो.

पेटी आली की लगेच उघडू नये. थंड, कोरड्या विमानातून दमट हवेत आलेल्या धातूवर पाणी धरतं. बंद पेटी त्याच खोलीत २४ तास राहू द्या. उघडल्यावर, म्युझियममधून निघताना केलेल्या स्थिती-अहवालाशी प्रत्येक बाजू ताडून पाहा आणि दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या.

---

इंद्रायणीकाठ

पण पूजेत परत जाणाऱ्या मूर्ती किती? माझ्या मते खरी वेदना इथे आहे. शिवपुरमचा नटराज आठवा. १९५० च्या दशकात दुरुस्तीला दिलेला असताना त्याची नक्कल करून अस्सल मूर्ती बाहेर गेली. देवळात आहे ती नक्कल, हे ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६५ मध्ये लिहिलं तेव्हा कळलं. अमेरिकन संग्राहक नॉर्टन सायमन यांनी ती १९७३ मध्ये नऊ लाख डॉलरना घेतली होती. तडजोड १९७६ मध्ये झाली, त्यांना दहा वर्षं प्रदर्शनात ठेवू दिली, आणि १९८६ मध्ये ती भारतात आली. पत्तूरचा नटराज १९९१ मध्ये जिंकून आणला आणि तोही तिरुवारूरच्या मूर्ती-संरक्षण केंद्रात गेला. गावाला काय मिळालं?

---

न्यायदीप

कारणं तीन, आणि तिन्ही सुटण्यासारखी आहेत.

पहिलं, मूर्ती खटल्यातला मुद्देमाल असते. आरोपीचा खटला आणि अपील चालू असेपर्यंत न्यायालय ती हातची सोडत नाही. यावर उपाय कायद्यात आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली न्यायालयाने १४ दिवसांत मालमत्तेचं वर्णन तयार करायचं, फोटो आणि व्हिडिओ घ्यायचे, आणि तेच पुढे पुरावा म्हणून चालतात. देवस्थानाने बंधपत्र देऊन ताब्याचा अर्ज लगेच करायला हवा. कोणी अर्जच केला नाही तर मूर्ती गोदामात पडून राहते.

दुसरं, मूळ गाव सिद्ध नसणं. परदेशातून आलेल्या वस्तू आधी दिल्लीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे येतात. ‘बहुधा मध्य भारत’ एवढंच माहीत असेल तर ती वस्तू दिल्लीच्या पुराना किल्ल्यातल्या साठ्यातच राहते. म्हणून फोटो आणि नोंद.

तिसरं, देवळाची सुरक्षा. हे कारण खरंही आहे आणि सोयीचंही. पण ते पार करता येतं. तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या कल्लिडैकुरिचीचा नटराज १९८२ मध्ये चोरीला गेला, ॲडलेडच्या म्युझियममध्ये सापडला आणि २०१९ मध्ये परत आल्यावर आपल्या मंदिरात गेला. गावाने त्याचं स्वागत कसं केलं त्याची छायाचित्रं पाहिलीत तर केंद्रातल्या कपाटात आणि गाभाऱ्यात काय फरक असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

सावंतवाडीकर

सुरक्षेसाठी छोट्या देवस्थानाला परवडेल असं काय? आणि मूर्ती खंडित झाली असेल तर पूजेत घेता येते का?

---

रेवातीर

सुरक्षेचं सांगते. उत्सवमूर्ती वर्षातले बहुतेक दिवस कोठडीत असते, तेव्हा सगळा खर्च तिथे करा. खिडकी नसलेली खोली, काँक्रीटचं छप्पर, पोलादी दार, आत भिंतीत आणि जमिनीत बोल्टने पक्की केलेली लोखंडी जाळी. कौलं काढून आत उतरणं ही जुन्या देवळांतली नेहमीची वाट, म्हणून छप्पर. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या घरांत. एकाच माणसाकडे दोन्ही कधी नकोत. दारावर चुंबकी सेन्सर, तो बॅटरीवर चालणारा आणि सिमकार्डवरून चारपाच फोनना एकदम कळवणारा हवा, कारण आधी वीज तोडतात. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग देवळातल्या डब्यात ठेवू नका, तो डबा चोर उचलतात.

आणि दर सहा महिन्यांनी मूर्ती बाहेर काढून फोटोच्या संचाशी ताडून, वजन करून नोंदवहीत सही. शिवपुरम आणि आळ्वारांचं सुंदरपेरुमाळकोइल दोन्हीकडे नक्कल उभी राहिली आणि कोणाला कळलं नाही. वजनाचा काटा हे पकडतो. बाहेरून हुबेहूब केलेली नक्कल वजनात सहसा जुळत नाही.

---

धातुवैद्य

खंडित मूर्तीबद्दल. आगमग्रंथांत (मंदिर आणि मूर्तिपूजेचे नियम सांगणारे ग्रंथ) मुख्य अंग आणि उपांग असा भेद केला आहे. आयुधाचं टोक, प्रभावळीची ज्वाळा, बोटाचं अग्र असं काही मोडलं असेल तर दुरुस्ती करून, संप्रोक्षण (शुद्धीचा विधी) किंवा पुनःप्रतिष्ठा करून पूजेत घेण्याची परंपरा आहे. मस्तक किंवा पूर्ण हातपाय गेले असतील तर बहुतेक परंपरा नवी मूर्ती सांगतात, आणि जुनी सन्मानाने वेगळी ठेवतात. निर्णय त्या देवळाच्या आचार्यांचा, संवर्धकाचा नाही.

दुरुस्ती करायची ठरली तर वितळजोड (वेल्डिंग) टाळा. उष्णतेने जुन्या धातूला आजूबाजूला तडे जातात, शिवाय दुरुस्तीची मूळ खूण नाहीशी होते. नवा भाग वेगळा ओतून खुंटीने बसवा, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर पुन्हा सगळे फोटो, पुन्हा वजन, आणि मूर्ती दुरुस्तीसाठी गावाबाहेर पाठवू नका. ओतारी आणि संवर्धक गावात येऊ देत, काम कोठडीशेजारी विश्वस्तांच्या समोर होऊ दे. शिवपुरमचा नटराज दुरुस्तीच्याच वाटेने गेला होता.